हिरोशिमाचा महोत्सव कोणाचा होता? एका अ‍ॅनिमेशन महोत्सवाच्या समाप्तीचे प्रकरण

हिरोशिमा आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन महोत्सवाची अठरावी आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये झाली आणि तीच शेवटची ठरली. फ्रान्समधील अ‍ॅनेसी, क्रोएशियातील झाग्रेब आणि कॅनडातील ओटावा यांच्या बरोबरीने ज्याचे नाव पस्तीस वर्षे घेतले जात होते, तो महोत्सव थांबला तेव्हा प्रवेशिका कमी झालेल्या नव्हत्या. अखेरच्या काही आवृत्त्यांत तर दर वेळी जगभरातून दोन हजारांहून अधिक लघुपट येत होते. शहराने आपल्या सांस्कृतिक धोरणाची फेरमांडणी केली, त्या मांडणीत या महोत्सवाला जुन्या स्वरूपात जागा राहिली नाही, आणि आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन संघटनेशी असलेले त्याचे नाते तिथेच संपले. अशा निर्णयाने नेमके काय गेले, काय उरले आणि ज्यांच्यासाठी हा महोत्सव होता त्या कलावंतांच्या हाती किती होते, हे या प्रकरणात पाहायचे आहे. चित्रपट दाखवणे, त्यावर चर्चा घडवणे आणि त्यासाठी दर दोन वर्षांनी माणसे एकत्र आणणे हे काम कोणी तरी पैसे देते म्हणून चालते. पैसे देणारा आणि काम करणारा वेगवेगळे असतात तेव्हा पुढे काय होऊ शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण अ‍ॅनिमेशनच्या क्षेत्रात मला दुसरे दिसत नाही.

पार्श्वभूमी

अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांचे एकत्र येणे १९६० पासून संघटित झाले. त्या वर्षी अ‍ॅनेसीचा पहिला महोत्सव भरला आणि तिथेच ‘आसिफा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. तिचे पहिले अध्यक्ष कॅनडात काम करणारे नॉर्मन मॅक्लारेन होते. शीतयुद्धाच्या काळात पूर्व आणि पश्चिम युरोपातील कलावंतांनी एकाच दालनात बसून परस्परांचे काम पाहावे, ही त्या संघटनेमागची इच्छा होती. झाग्रेबचा महोत्सव १९७२ मध्ये आणि ओटावाचा १९७६ मध्ये सुरू झाला. आशियात मात्र असे ठिकाण नव्हते.

जपानमध्ये त्या आधीपासून दोन प्रवाह वाहत होते. ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि तिच्यामागून आठवड्याला एक भाग काढणारा मोठा उद्योग उभा राहिला. दुसरा प्रवाह लहान होता. योजी कुरी, र्योहेई यानागिहारा आणि हिरोशी मानाबे यांनी १९६० मध्ये ‘तिघांची अ‍ॅनिमेशन सभा’ नावाचा गट काढला. टोकियोच्या सोगेत्सु सभागृहात ते आपले प्रायोगिक लघुपट स्वतःच दाखवू लागले आणि १९६४ पासून त्यातूनच सोगेत्सु अ‍ॅनिमेशन महोत्सव आकाराला आला. इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, एका घराण्याच्या आश्रयाने चालणारे ते कलाकेंद्र १९७१ मध्ये बंद झाले आणि स्वतंत्र लघुपटांचे हक्काचे ठिकाण त्याच्याबरोबर गेले. हा आधीचा प्रसंग मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण आश्रयदात्याचे दार मिटले की महोत्सव संपतो हा अनुभव जपानी अ‍ॅनिमेशनकारांना हिरोशिमाच्या आधी एकदा येऊन गेला होता.

रेन्झो आणि सायोको किनोशिता हे दांपत्य याच स्वतंत्र प्रवाहातले. १९६७ मध्ये त्यांनी टोकियोत ‘स्टुडिओ लोटस’ काढला. जाहिराती आणि दूरचित्रवाणीची कामे करून ते आपल्या मनाचे लघुपट बनवत. १९७८ मधला ‘पिका-डोन’ हा त्यांचा लघुपट ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळविषयी आहे. ‘पिका’ म्हणजे डोळे दिपवणारी चमक आणि ‘डोन’ म्हणजे कानठळ्या बसवणारा आवाज. अणुबॉम्बसाठी हिरोशिमाच्या लोकांनी स्वतःच वापरात आणलेला हा शब्द आहे. बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या सामान्य नागरिकांनी अनेक वर्षांनी आठवणीतून काढलेली चित्रे या लघुपटाचा आधार होती. त्यात संवाद नाहीत. रोजच्या सकाळची साधी कामे, मुले, कागदाचे विमान, आणि मग ते सगळे वितळून जाणे. दहा मिनिटांहून कमी लांबीचा हा लघुपट घेऊन किनोशिता दांपत्य हिरोशिमाशी जोडले गेले आणि अणुहल्ल्याला चाळीस वर्षे होत असताना, १९८५ मध्ये, त्या शहरातच आशियातील आसिफाचा महोत्सव उभा राहिला. रेन्झो मूळचे ओसाकाचे, स्टुडिओ टोकियोत, आणि महोत्सव हिरोशिमात. हे अंतर पुढच्या घटना समजून घेताना लक्षात ठेवावे लागते.

महोत्सवाची बांधणी

महोत्सवाचे आयोजक हिरोशिमा शहर, शहराचे सांस्कृतिक प्रतिष्ठान आणि एक कार्यकारी समिती असे होते. जपानमधील आसिफाची शाखा, जी किनोशिता दांपत्याने १९८१ मध्ये सुरू केली होती, ती सहआयोजक होती. महोत्सवाच्या संचालकपदी पहिल्यापासून शेवटपर्यंत सायोको किनोशिताच राहिल्या. रेन्झो यांचे १९९७ मध्ये निधन झाले आणि त्यानंतर त्यांच्या नावाचा पुरस्कार स्पर्धेत सुरू झाला. पहिल्या दोन आवृत्त्या १९८५ आणि १९८७ मध्ये झाल्या. तिसरी १९९० मध्ये झाली आणि तेव्हापासून सम वर्षांचा हा क्रम कधी चुकला नाही. ६ ऑगस्टचे स्मृतिदिनाचे विधी आटोपलेले असत, परंतु शहरावरची त्याची छाया अजून ताजी असे, अशा दिवसांत पाच दिवस महोत्सव चाले. ‘प्रेम आणि शांतता’ हे त्याचे घोषित सूत्र होते.

स्पर्धेची रचना साधी होती. तीस मिनिटांपर्यंतचे लघुपट, आणि पुढच्या आवृत्त्यांत सर्वांसाठी एकच स्पर्धा. अ‍ॅनेसीत लघुपट, विद्यार्थी, जाहिरात, दूरचित्रवाणी, पूर्ण लांबीचे चित्रपट असे वेगळे विभाग वाढत गेले आणि १९८५ पासून तिथे व्यापारपेठही भरू लागली. हिरोशिमात तसे झाले नाही. विद्यार्थ्याचा पहिला प्रयत्न आणि नावाजलेल्या दिग्दर्शकाचे काम एकाच पडद्यावर, एकाच कार्यक्रमात, एकामागून एक दाखवले जाई आणि पहिल्या कामासाठी पदार्पणाचा वेगळा पुरस्कार असे. पहिल्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार तेझुका यांच्या ‘ओन्बोरो फिल्म’ला मिळाला. जुन्या मूकपटाची झिजलेली, ओरखडे पडलेली, मध्येच उड्या मारणारी फीत असल्याचा आभास निर्माण करणारा तो सुमारे साडेपाच मिनिटांचा विनोदी लघुपट आहे. मालिकांच्या उद्योगाचा जनक मानल्या गेलेल्या माणसाला या व्यासपीठावर त्याच्या छोट्या, खासगी प्रयोगासाठी गौरवले गेले, यात महोत्सवाची दिशा स्पष्ट झाली. १९८७ मध्ये फ्रेडरिक बॅक यांच्या, वैराण डोंगरावर एकट्याने झाडे लावत राहणाऱ्या माणसाच्या कथेवरील तीस मिनिटांच्या चित्रपटाला हाच पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये तो कोजी यामामुरा यांच्या ‘आतामायामा’ला मिळाला, एका कंजूष माणसाच्या डोक्यावर चेरीचे झाड उगवते, या जुन्या राकुगो (जपानी विनोदी कथाकथन) कथेवर तो लघुपट आधारलेला आहे.

पुरस्कारांची यादी मात्र महोत्सवाचे खरे काम सांगत नाही. एका दिवसाचा क्रम असा असे: स्पर्धेतील लघुपटांचा कार्यक्रम मोठ्या सभागृहात, दिग्दर्शकांची प्रेक्षकांना ओळख, परीक्षकांच्या स्वतःच्या चित्रपटांचे खेळ, एखाद्या देशाच्या अ‍ॅनिमेशनचा खास विभाग, एखाद्या कलावंताचे सिंहावलोकन, आणि चर्चासत्रे. परीक्षकांचे काम प्रेक्षकांसमोर ठेवण्याची प्रथा मला विशेष महत्त्वाची वाटते. निवाडा करणारा स्वतः काय करतो हे सगळ्यांना दिसत असल्यामुळे निकालावरची चर्चा आवडीनिवडीच्या पलीकडे जाऊ शकत होती. याशिवाय ‘फ्रेम इन’ नावाचा विभाग होता, ज्यात विद्यार्थी आणि हौशी कलावंत निवडीच्या चाळणीतून न जाता आपले काम लोकांना दाखवू शकत. शैक्षणिक संस्थांसाठी वेगळी दालने असत आणि तिथे शिक्षक व विद्यार्थी आपापल्या अभ्यासक्रमातील काम मांडून बसत.

ज्याने कधी एकट्याने अ‍ॅनिमेशन केले आहे त्याला या रचनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पाच-सात मिनिटांच्या लघुपटासाठी दोन-तीन वर्षे जातात, त्यातला बहुतेक काळ माणूस टेबलाशी एकटा असतो, आणि तयार झालेल्या लघुपटाला चित्रपटगृहात व्यावसायिक जागा नसते. आपले काम भरलेल्या सभागृहात अनोळखी माणसांबरोबर पाहण्याची आणि ते कुठे हसतात, कुठे चुळबुळतात हे समजण्याची संधी त्याला महोत्सवाखेरीज जवळजवळ कुठेच मिळत नाही. १९९० नंतरच्या दीर्घ काळात हे सगळे शांतता स्मारक उद्यानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नदीकाठच्या आस्तेर प्लाझा या एकाच इमारतीत घडत असे. इमारत एकच असल्यामुळे परीक्षक, पहिलटकर विद्यार्थी आणि गावातला प्रेक्षक यांची गाठ जिन्यात आणि उपाहारगृहातही पडत असे, आणि या गाठी कार्यक्रमपत्रिकेत छापलेल्या नसल्या तरी महोत्सवाचा फार मोठा भाग होत्या.

निर्णय

२०२० चे वर्ष कोविडच्या साथीमुळे सगळ्याच महोत्सवांसाठी कठीण होते. अ‍ॅनेसीने त्या जूनमध्ये आपला संपूर्ण कार्यक्रम इंटरनेटवर नेला. हिरोशिमात स्पर्धा झाली, निकाल लागला, परंतु परदेशी पाहुण्यांनी आणि प्रेक्षकांनी एका सभागृहात बसणे, म्हणजे ज्यासाठी महोत्सव होता तेच, होऊ शकले नाही. म्हणून या महोत्सवाला निरोप असा दिलाच गेला नाही. शेवटची भरलेली आवृत्ती २०१८ ची होती, आणि ती शेवटची आहे हे तिथे जमलेल्यांना माहीत नव्हते.

शहराने पुढे जी दिशा घेतली ती ‘हिरोशिमा आंतरराष्ट्रीय शांतता सांस्कृतिक महोत्सव’ या नावाने प्रत्यक्षात आली. संगीत आणि माध्यमकला हे त्याचे दोन आधारस्तंभ, नागरिकांचा व्यापक सहभाग हा त्याचा उद्देश, आणि अ‍ॅनिमेशन त्यातील एक भाग. करदात्यांच्या पैशातून चालणाऱ्या संस्थेने आपला खर्च अधिक नागरिकांपर्यंत पोहोचावा असे म्हणणे गैर नाही, आणि या निर्णयाकडे शत्रुत्वाच्या नजरेने पाहणे मला योग्य वाटत नाही. लहान, संवादहीन, कधी दुर्बोध असे लघुपट पाहण्यासाठी जगभरातून तज्ज्ञ येतात ही गोष्ट शहराला मान मिळवून देते, परंतु महापालिकेला उत्तर द्यावे लागते ते शहरातल्या रहिवाशांना. ज्या महोत्सवाचे मोठेपण दूरवरच्या लोकांना अधिक जाणवते, त्याचा खर्च मात्र जवळच्या लोकांनी करायचा, हा ताण अशा प्रत्येक महोत्सवात असतो. हिरोशिमात तो पस्तीस वर्षे सांभाळला गेला, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

तरीही निर्णयाच्या रीतीबद्दल एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. शहराकडे सभागृह, निधी, कर्मचारी आणि ‘हिरोशिमा’ हे नाव होते. संघटनेकडे आणि सायोको किनोशितांकडे जगभरच्या कलावंतांचा विश्वास, निवडीची पद्धत, परीक्षक निवडण्याची दृष्टी आणि साडेतीन दशकांची ओळखपाळख होती. यातले पहिले हिशेबाच्या वहीत लिहिता येते, दुसरे येत नाही. शहराने आढावा घेतला तेव्हा जे लिहिता येते तेवढेच तराजूत पडले असावे, असे परिणामांवरून दिसते, कारण जोडी तुटल्यावर दोघांकडे आपापले राहिले आणि त्यातल्या कोणालाही एकट्याने जुना महोत्सव उभा करणे शक्य नव्हते. संघटनेपाशी दुसरे शहर नव्हते आणि शहरापाशी आसिफाचा पाठिंबा उरला नव्हता.

संघटनेची बाजूही तपासली पाहिजे. एकच संचालक पस्तीस वर्षे राहिल्याने महोत्सवाला सातत्य आणि स्वभाव मिळाला, हे निर्विवाद आहे. त्याची दुसरी बाजू अशी की महोत्सव एका व्यक्तीच्या संबंधांवर उभा राहिला, आणि हिरोशिमातच वाढलेली, शहराच्या सभागृहात त्याच्या बाजूने उभी राहील अशी पुढची पिढी त्या प्रमाणात दिसली नाही. बाहेरच्या देशांतून हळहळ व्यक्त झाली, पण महापालिकेचा निर्णय बदलण्यासाठी परदेशी हळहळ पुरत नाही. त्यासाठी शहरातले शिक्षक, पालक, दुकानदार आणि नगरसेवक लागतात. शांततेच्या सूत्रामुळे महोत्सव हिरोशिमाशी भावनेने बांधलेला होता, परंतु रोजच्या जगण्यात तो शहराच्या किती जवळ होता, हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर कदाचित वेगळे काही घडले असते. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. ज्या दोन माणसांनी स्वतःचे लघुपट बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या लघुपटांसाठी घर बांधले, त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. ओकिनावावरचा जो चित्रपट रेन्झो अर्धवट ठेवून गेले, तो सायोकोंनी २००४ मध्ये पूर्ण केला. मधली वर्षे महोत्सव आणि संघटना यांतच गेली होती.

भारतातील एक समांतर घटना

मराठी वाचकाला हे प्रकरण परके वाटू नये. मुंबईत १९९० पासून दर दोन वर्षांनी माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, ज्याला आपण ‘मिफ’ म्हणून ओळखतो. तो फिल्म्स डिव्हिजन या सरकारी विभागाने उभा केला, आणि पेडर रोडवरचे त्या विभागाचे आवार हेच कित्येक अ‍ॅनिमेशनकारांसाठी देशोदेशीचे लघुपट पाहण्याचे ठिकाण होते. डिसेंबर २०२० मध्येच केंद्रीय मंत्रिमंडळाने फिल्म्स डिव्हिजन, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि आणखी दोन संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय घेतला, आणि मार्च २०२२ मध्ये तो अंमलात आला. कलावंतांनी आणि अभ्यासकांनी त्याला जाहीर विरोध केला. महोत्सव थांबला नाही. २०२४ ची अठरावी आवृत्ती महामंडळाच्या व्यवस्थापनाखाली झाली. हिरोशिमाशी तुलना केवळ एका मुद्द्यापुरती आहे: ज्या संस्थेने महोत्सव घडवला तिचे स्वतंत्र अस्तित्व संपवण्याचा निर्णय झाला तेव्हा, वर्षानुवर्षे तिथे येणाऱ्या चित्रपटकर्त्यांना मत मांडता आले, मतदान करता आले नाही. दोन्हीकडे अठरावी आवृत्ती हा योगायोग आहे, पण एका ठिकाणी ती शेवटची आणि दुसऱ्या ठिकाणी नव्या व्यवस्थेतली.

त्यानंतर

१७ ते २१ ऑगस्ट २०२२ या दिवसांत ‘हिरोशिमा अ‍ॅनिमेशन सीझन’ या नावाने नवा कार्यक्रम भरला. त्याचे कलासंचालक कोजी यामामुरा होते, म्हणजे जुन्या महोत्सवाने २००४ मध्ये ज्यांना सर्वोच्च पुरस्कार दिला तेच. त्यांच्या सोबत निर्माता म्हणून अ‍ॅनिमेशनचे अभ्यासक नोबुआकी दोई होते. रचना बदलली होती: प्रशांत महासागराभोवतालचे देश आणि आशिया यांच्यासाठी एक स्पर्धा, जगासाठी दुसरी. कलावंतांना काही काळ हिरोशिमात राहून काम करता यावे यासाठी निवासी योजना जोडली गेली. शहराशी संबंध केवळ पाच दिवसांपुरता राहू नये, ही जुन्या महोत्सवातली उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न मला स्वागतार्ह वाटतो. निवासी कलावंत महिनोन् महिने त्याच शहरात राहतो, तिथल्या शाळेत जातो, तिथल्या लोकांना आपले अर्धवट काम दाखवतो; महापालिकेला जो नागरिकांचा सहभाग हवा होता, त्याचा हा अ‍ॅनिमेशनच्या स्वभावाला मानवणारा मार्ग आहे. दुसरी आवृत्ती ऑगस्ट २०२४ मध्ये झाली.

जुना महोत्सव आणि नवा कार्यक्रम यांना एकच मानावे का, यावर जपानमध्ये आणि बाहेर मतभेद आहेत. माझ्या मते तो एक नाही. आवृत्त्यांचा क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आणि तो तसा सुरू झाला हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. दरम्यान २०२३ च्या मार्चमध्ये निगाता शहरात पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशन चित्रपटांवर भर देणारा वेगळा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, त्यामुळे जपानमध्ये अ‍ॅनिमेशनसाठी एकत्र येण्याची ठिकाणे वाढली आहेत. स्वतंत्र लघुपटासाठी, आणि विशेषतः निवडीविना आपले काम दाखवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, ‘फ्रेम इन’सारखी खुली खोली त्यांपैकी कुठे आणि किती काळ टिकते, याकडे माझे लक्ष आहे.

यामामुरांनी आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या कलावंतांत एस्टोनियाचे प्रीत पार्न आणि रशियाचे युरी नोर्श्तेन यांच्याबरोबर ईशू पटेल यांचे नाव घेतले आहे. पटेल गुजरातचे, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून पुढे गेलेले आणि कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात हजारो मणी एकेक करून सरकवत ‘बीड गेम’ हा लघुपट १९७७ मध्ये घडवणारे. टोकियोत शिकणाऱ्या एका मुलापर्यंत ते काम पोहोचले, तो मुलगा पुढे लघुपट करू लागला, हिरोशिमात त्याला पुरस्कार मिळाला, आणि अठरा वर्षांनी त्याच शहरात नवे दार उघडण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. २०२२ च्या त्या ऑगस्टमध्ये लघुपट पुन्हा आस्तेर प्लाझामध्येच दाखवले गेले.